शिक्षकानें पुन्हां विद्यार्थी व्हावें काय ?

२०२३ सालच्या मे महिन्यांत माझी भाची चार दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. ती एका तालुक्याच्या गांवीं माध्यमिक शाळेंत विज्ञान शिकविते. नोकरीस बारा वर्षें झालेलीं; पदवी, बी.एड्. सर्व यथास्थित. रात्रीं जेवणें उरकल्यावर तिनें हळूच विषय काढला.

"मामा, शैक्षणिक तंत्रविज्ञान या विषयांत एम्.ए. करावें असें मनांत आहे. नोकरी सोडावयाची नाहीं. दोन वर्षें संध्याकाळीं आणि रविवारीं अभ्यास करावा लागेल. घरीं अजून बोललें नाहीं. तुम्हांला काय वाटतें ?"

मीं काय उत्तर दिलें हें लिहितांना आज संकोच वाटतो. मी म्हणालों, "अगं, तुला शिकवितां उत्तम येतें. यंत्राचीं बटणें दाबण्यास शिकावयाचें, त्यासाठीं दोन वर्षें आणि एवढा पैसा कशाला ? तें तर तुझा चिरंजीवही तुला दाखवील." ती हंसली व गप्प राहिली. परंतु निजावयास जाण्यापूर्वीं तिनें एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनांतून जाईना.

२०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या तेव्हां तिनेंही इतर हजारों शिक्षकांप्रमाणें मोबाइल फळ्यासमोर उभा करून शिकविण्यास आरंभ केला. पडद्यावर मुलांचीं नांवें दिसत, चेहरे दिसत नसत. "समजलें का ?" असें विचारलें कीं "हो बाई" असें उत्तर येई. पुढें शाळा उघडल्यावर वह्या पाहिल्या, तेव्हां बहुतेकांपर्यंत कांहींच पोंचलें नव्हतें असें आढळलें. ती म्हणाली, "मामा, मला मोबाइल चालवितां येत होता. शिकवितांही येत होतें. पण मोबाइलवरून शिकवितां येत नव्हतें. हें तिसरें कांहीं तरी निराळें आहे, आणि तें मला कोणीं शिकविलेंच नाहीं."

मी स्वतः मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत काव्य व व्याकरण शिकून ३६ वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. तिच्या या "तिसऱ्या" गोष्टीनें मला कालिदासाची आठवण झाली. ‘मालविकाग्निमित्रा’च्या पहिल्या अंकांत गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्यें श्रेष्ठ कोण असा वाद लागतो. त्या प्रसंगीं परिव्राजिका कौशिकी एक मार्मिक भेद दाखविते. एखाद्याच्या ठिकाणीं विद्या उत्तम वसत असते. दुसऱ्याच्या ठिकाणीं ती शिष्यांत उतरविण्याची हातोटी असते. हीं दोन्ही ज्याच्या अंगीं असतील त्यालाच शिक्षकांत अग्रस्थान द्यावें, असा तिचा अभिप्राय. हा भेद मीं मुलांस किती वेळां समजावून सांगितला असेल ! परंतु त्याचा विचार अद्यापि पुढें चालूं आहे, हें मला ठाऊक नव्हतें. भाचीनें दिलेलीं टिपणें वाचून तें कळलें. म्हणून हा लेख.

१९८६ सालीं ली शुल्मन नांवाच्या अमेरिकन विद्वानांनीं ‘एज्युकेशनल रिसर्चर’ या नियतकालिकांत शिक्षकाच्या ज्ञानाविषयीं एक निबंध लिहिला. ज्यांना कांहीं करतां येत नाहीं ते शिकवूं लागतात, अशा अर्थाचा बर्नार्ड शॉचा टोमणा प्रसिद्धच आहे. त्याचा समाचार घेऊन शुल्मन यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, विषयाचें ज्ञान व शिकविण्याची सर्वसाधारण रीति एवढ्यानें शिक्षक होत नाहीं. या दोहोंच्या संगमावर एक निराळेंच ज्ञान असतें. अपूर्णांकांचा भागाकार कोणाही गणित्यास करतां येतो. पण तो करतांना मूल नेमकें कोठें ठेंचाळतें, आणि तेथें कोणतें उदाहरण दिलें असतां तें सांवरतें, हें शिक्षकालाच ठाऊक असतें.

यानंतर २० वर्षांनीं, म्हणजे २००६ सालीं, मिशिगन स्टेट विद्यापीठांतील पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर या दोघां प्राध्यापकांनीं ‘टीचर्स कॉलेज रेकॉर्ड’ मध्यें या विचारास तिसरें अंग जोडलें. शुल्मन यांनीं पूर्वीं अनेक वर्षें याच विद्यापीठांत काम केलेलें होतें. मिश्रा हे मूळचे भारतीय. पिलानी येथें विद्युत्-अभियांत्रिकी व नंतर मुंबईच्या आय्.आय्.टी.मध्यें दृक्‌संज्ञापन शिकून ते अमेरिकेस गेले. या दोघांचें म्हणणें थोडक्यांत असें : विषय, अध्यापन आणि तंत्र हीं तीन निरनिराळीं शिकवून भागत नाहीं, तीं एकत्र येतात तेथेंच शिक्षकाचें खरें ज्ञान असतें. इंग्रजी आद्याक्षरांवरून यास ‘टीपॅक’ असें म्हणतात, आणि आज या विषयाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत तें शिकविलें जातें.

मला महत्त्वाचें वाटलें तें हें कीं, हा सिद्धांत केवळ ग्रंथालयांत बसून सुचलेला नाहीं. पदव्युत्तर वर्गांत अभ्यास करणाऱ्या शिक्षकांबरोबर काम करतां करतां तो आकारास आला. तेथें यंत्राचीं व्याख्यानें दिलीं जात नसत. प्रत्यक्ष काम दिलें जाई. एका अभ्यासक्रमांत शिक्षकांनीं एखादी शैक्षणिक कल्पना घेऊन तिच्यावर लहानसें चलच्चित्र तयार करावयाचें. दुसऱ्यांत मुलांसाठीं केलेलें एखादें संकेतस्थळ तपासून तें नव्यानें रचावयाचें. तिसऱ्यांत तर प्राध्यापक व विद्यार्थी यांनीं एकत्र बसून एक अख्खा अभ्यासक्रमच महाजालावर शिकविण्याजोगा तयार करावयाचा ! यंत्र हातीं येई तें अशा कामाच्या ओघांत, आणि प्रत्येक वेळीं विषय काय व शिकणारा कोण हे प्रश्न आधीं सोडवावे लागत.

या क्रमाची आवश्यकता कां भासली हें मागील इतिहास पाहिला म्हणजे ध्यानांत येतें. १९१३ सालीं एडिसननें असें भाकित केलें होतें कीं, आतां चलच्चित्रें येतील व शाळांतून पुस्तकें लवकरच हद्दपार होतील. पुस्तकें राहिलीं, एडिसनचें यंत्र बहुतेक शाळांत कपाटांतच राहिलें. पुढें आकाशवाणी व दूरचित्रवाणी यांच्या बाबतींतही तोच प्रकार झाला. लॅरी क्यूबन यांनीं १९८६ मध्यें ‘टीचर्स अँड मशीन्स’ या पुस्तकांत ही कहाणी सविस्तर लिहिली आहे. हे गृहस्थ अनेक वर्षें वर्गावर शिकविलेले आणि नंतर एका जिल्ह्याच्या शाळांचे प्रमुख अधिकारी झालेले. त्यामुळें दोन्ही बाजू त्यांनीं जवळून पाहिल्या होत्या. त्यांना असें आढळलें कीं, यंत्र येतांना मोठा गाजावाजा होतो, मग तें फारसें वापरलें जात नाहीं, आणि शेवटीं दोष शिक्षकाच्या माथीं बसतो. यंत्र आणण्यापूर्वीं शिक्षकास विचारलें जात नाहीं, ही गोष्ट मात्र कोणी बोलत नाहीं.

आपल्याकडे दोन्ही प्रकारचे अनुभव आहेत. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकन उपग्रहाच्या साह्यानें सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोंचविण्याचा ‘साइट’ नांवाचा प्रयोग झाला. त्यांत प्राथमिक शिक्षकांस विज्ञान शिकविण्याचेंही शिक्षण देण्यांत आलें. जवळजवळ ५०,००० शिक्षकांनीं त्याचा लाभ घेतला. दूरचित्रवाणीच्या जोडीस आकाशवाणी, छापील पुस्तिका व हातानें करावयाचे प्रयोग यांचीही योजना होती. उलटपक्षीं १९८४ मध्यें ‘क्लास’ या योजनेखालीं २५० शाळांस विलायती बनावटीचे संगणक देण्यास सुरुवात झाली, त्या वेळीं प्रत्येक शाळेंतील मोजक्याच शिक्षकांस अल्पकाळाचें शिक्षण मिळालें. गणित, भूगोल किंवा भाषा शिकविणाऱ्या बाकीच्या शिक्षकांचा त्या यंत्राशीं संबंध आलाच नाहीं.

असो. माझ्या सल्ल्याकडे दुर्लक्ष करून भाचीनें त्याच वर्षीं नांव घातलें. दुसऱ्या सहामाहींत तिला स्वतःच्या वर्गावर एक प्रयोग करून त्याचा वृत्तांत लिहावयाचा होता. तिनें चंद्राच्या कला हा पाठ निवडला. प्रथम एका तुकडीस महाजालावरील एक सुरेख चलच्चित्र दाखविलें. मुलें खूष झालीं. सर्वांनीं समजलें म्हणून सांगितलें. तीन दिवसांनीं कोरे कागद देऊन चंद्राची कोर लहानमोठी कां होते असें विचारलें, तर बहुतेकांनीं पृथ्वीची सावली पडते म्हणून, असें लिहिलें. ग्रहणाचें कारण मुलांनीं कलांस चिकटविलें होतें. चित्र चांगलें होतें, यंत्र चांगलें होतें, बाईही चांगल्या होत्या. परंतु मुलांच्या मनांत आधीं कोणती समजूत ठाण मांडून बसली आहे याचा शोध कोणींच घेतला नव्हता.

दुसऱ्या तुकडीच्या वेळीं तिनें क्रमच बदलला. त्या दिवशीं तिचा मला फोन आला. "मामा, तुमच्याजवळ पंचांग आहे ना ? तिथीचें गणित मला नीट समजावून सांगा." मला मोठी मौज वाटली. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढें गेला कीं एक तिथि पुरी होते, अशा ३० तिथींत ३६० अंशांचा फेरा पुरा होतो, हें मीं तिला सांगितलें. तिनें मुलांस रोज दिवेलागणीस चंद्र कोठें व कसा दिसतो तें वहींत काढावयास लाविलें. ज्यांच्या घरीं मोबाइल होता त्यांनीं छायाचित्र घ्यावयाचें. शुक्ल द्वितीयेपासून पौर्णिमेपर्यंत सर्व सुरळीत चाललें. वद्य पक्ष लागून दोन दिवस झाले नाहींत तोंच मुलें तक्रार घेऊन आलीं, "बाई, संध्याकाळीं चंद्र दिसतच नाहीं !" ती म्हणाली, "सकाळीं शाळेस येतांना वर पाहा." मुलांनीं पाहिलें, तों उजाडलेल्या आकाशांत पश्चिमेकडे फिकट चंद्र होता. मग अंधाऱ्या खोलींत एक दिवा लावून प्रत्येकाच्या हातीं चेंडू दिला व स्वतःभोंवतीं फिरावयास सांगितलें. चेंडूचा उजळ भाग कधीं कोरीएवढा, कधीं अर्धा, तर कधीं पूर्ण दिसूं लागला.

चलच्चित्र दाखविलें तें सर्वांत शेवटीं. तेंच चित्र आणि तेंच यंत्र ! परंतु या खेपेस मुलांनीं आपण होऊन विचारलें, "बाई, यांत चंद्र पृथ्वीच्या इतका जवळ कां दाखविला आहे ?" खरें अंतर पृथ्वीच्या सुमारें ३० व्यासांइतकें आहे, पडद्यावर तें मावत नाहीं म्हणून तसें काढतात. हा प्रश्न पहिल्या तुकडींत कोणासच सुचला नव्हता. ‘सावली’ लिहिणारे अगदीं नाहींसे झाले असें नव्हे, परंतु थोडेच उरले. तिचा वृत्तांत वाचला तेव्हां बटणें दाबण्याचें शिक्षण हें माझें वर्णन किती चुकीचें होतें तें मला उमगलें. शिवाय यांत आणखी एक गोष्ट दिसते. नोकरी सोडून दूर वसतिगृहांत राहिली असती तर हा प्रयोग तिनें कोठें केला असता ? रविवारीं वाचावें, सोमवारीं वर्गांत करून पाहावें, चुकल्यास पुढच्या रविवारीं त्याची मीमांसा करावी, हा लाभ नोकरी करणाऱ्या शिक्षकासच आहे.

मात्र एक अडचण तिला प्रत्येक वेळीं आली. शाळेंतील प्रोजेक्टर कुलुपांत असे. किल्ली मागितली कीं, "लेखी अर्ज द्या, कांहीं बिघडलें तर जबाबदार कोण?" असा प्रश्न येई. एके दिवशीं ती मला हें सांगत होती, आणि बोलतां बोलतां एकदम थांबली. तिला कांहीं आठवलें असावें. "मामा, तुमच्या शाळेंतल्या संगणकांची किल्ली तुमच्याकडेच होती ना ? तुम्हीं देत होतां का हो ?"

मी देत नव्हतों. २००८ सालीं आमच्या शाळेस दहा संगणक मिळाले. सर्वांत वडील शिक्षक म्हणून खोलीची किल्ली मजकडे आली. डेडस्टॉक रजिस्टरांत माझी सही होती. एखादी वस्तु गेली तर ती माझ्या पगारांतून वसूल होईल ही भीति. मीं यंत्रांवर पांढरीं फडकीं घातलीं व दारास कुलूप लावलें. आठवड्यांतून एक तास खोली उघडे, तीही चपला बाहेर काढवून. एकदां भूगोलाच्या एक तरुण बाई किल्ली मागावयास आल्या; त्यांना मुलांस नकाशे दाखवावयाचे होते. मीं मुख्याध्यापकांचें लेखी पत्र आणावयास सांगितलें. त्या पुन्हां आल्या नाहींत. पुढें तीं यंत्रें झिजून नव्हे, तर जुनीं होऊन निकामी झालीं. रजिस्टर मात्र माझ्या निवृत्तीपर्यंत चोख राहिलें.

हें सर्व मीं भाचीस सांगितलें. आंत काय करावयाचें हें मला ठाऊक नव्हतें. अज्ञान कबूल करण्यापेक्षां खबरदारीचें सोंग घेणें सोपें गेलें. मी माणूस वाईट नव्हतों. तिचे मुख्याध्यापकही नसतील. म्हणूनच हें शिक्षण शिक्षकांप्रमाणें मुख्याध्यापक, पर्यवेक्षक व शिक्षणाधिकारी यांनींही घेणें अवश्य आहे असें माझें मत झालें आहे. कोणतें साहित्य घ्यावें, वेळापत्रकांत त्यास कोठें जागा द्यावी, बिघाड झाल्यास दुरुस्तीची तरतूद काय, मुलांची माहिती कोणाच्या हातीं जाते, हे प्रश्न वर्गशिक्षकाच्या अधिकारांतले नाहींत. किल्ली ज्याच्या हातीं, त्यालाच जर विषय उमजत नसेल तर शिकून आलेला शिक्षक दारापाशींच थांबतो.

यंत्र शेवटीं व मूल आधीं ठेवलें म्हणजे काय होतें याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत ‘क्यूआर’ चिन्हें छापून ध्वनि व चित्रें मुलांपर्यंत पोंचविण्याची त्यांची कल्पना सर्वतोमुखीं झाली. परंतु त्यापूर्वीं, मुलांची मायबोली कानडी आहे हें ओळखून त्यांनीं पुस्तकांतील मजकूर त्या भाषेंत आणला होता, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

आतां कोणास असा अभ्यास करावयाचा असेल तर मार्ग कोणते, हें थोडक्यांत सांगतों. महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठाचा, म्हणजे आजच्या एस्.एन्.डी.टी.चा, मुंबई येथें शैक्षणिक तंत्रविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. १९८५ सालीं स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानें या विषयाची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणानें आणली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानें (स्थापना १९८९) नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठीं बी.एड्. चालवून घरसंसार सांभाळून शिकण्याची वाट आपल्या प्रांतांत रुळविली. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनें २००६ पासून कांहीं दिवस प्रत्यक्ष वर्ग व बाकी घरीं अभ्यास अशा पद्धतीनें शिक्षणशास्त्राची एम्.ए. सुरूं केली, पुढें तिच्याच ‘क्लिक्स’ या उपक्रमांत सरकारी शाळांच्या शिक्षकांसाठीं संगणकाच्या साह्यानें विचारपूर्वक अध्यापन करण्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम निघाला, व त्या उपक्रमास युनेस्कोचें २०१७ चें पारितोषिक मिळालें. संशोधन करूं इच्छिणाऱ्यांस आय्.आय्.टी. मुंबई येथें या विषयांत डॉक्टरेटची सोय आहे.

शुल्क व प्रवेशाचे नियम वरचेवर बदलतात. ते विद्यापीठाकडूनच समजून घ्यावे व पदवीस मान्यता आहे कीं नाहीं याची आधीं खात्री करावी. ज्या अभ्यासक्रमांत केवळ यंत्रांचीं नांवें व उपयोग पाठ करावयाचे असतील तो घेऊं नये. चार वर्षांत तीं यंत्रें मोडींत निघतात. स्वतःच्या वर्गावर काम करावयास लावणारा अभ्यासक्रम पाहावा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें प्रत्येक शिक्षकानें व मुख्याध्यापकानें वर्षास निदान ५० तास स्वतःच्या शिक्षणास द्यावे असें म्हटलें आहे. हा हिशेब आठवड्यास एका तासाचा झाला. ज्यांस पदवी झेपणार नाहीं त्यांनीं तेवढा तास तरी सार्थकीं लावावा.

राहतां राहिला घराचा प्रश्न. आणि हें कुटुंबाचें मासिक असल्यामुळें तोच मला मुख्य वाटतो. शिक्षिका शाळेंतून येते ती तपासावयाच्या वह्या घेऊनच. त्यानंतर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, वडीलधाऱ्यांचीं औषधें. अशा स्थितींत रोजचे दोन तास तिनें कोठून आणावे ? आमच्या भाचीच्या सासूबाईंनीं संध्याकाळची पोळीभाजी आपल्याकडे घेतली, यजमानांनीं मुलाचा अभ्यास घेतला, म्हणूनच दोन वर्षें निभावलीं. पैशाची झळ लागली. दोन उन्हाळे कोठें जाणें झालें नाहीं. पगारांत या पदवीनें कांहीं वाढ झालेली नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. ज्यांना केवळ बढतीसाठीं शिकावयाचें असेल त्यांनीं आधीं चौकशी करावी.

या वर्षीं ती पुन्हां सुटींत आली, तेव्हां तिनें सांगितलें कीं, मुख्याध्यापकांनीं चंद्राचा पाठ मागच्या बांकावर बसून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशींपासून प्रोजेक्टरची किल्ली शिक्षकांच्या खोलींतील खुंटीवर टांगलेली असते. ज्याला लागेल त्यानें वहींत नांव लिहून न्यावी. मला ऐकून आनंद झाला, आणि भूगोलाच्या त्या बाईंची आठवणही झाली. त्या आज कोठें असतात मला ठाऊक नाहीं. त्यांच्या वाचनांत हा अंक आला तर त्यांनीं या वृद्ध शिक्षकास क्षमा करावी. आणि ज्यांच्या घरीं एखादी शिक्षिका किंवा शिक्षक पुढें शिकूं इच्छीत असेल, त्यांनीं मी प्रथम दिलें तसें उत्तर देऊं नये, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.